पोच नसलेली पत्रे



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं त्या बाईंनी मला वर्गात कधी शिकवलं नाही. त्या शाळेच्या ग्रंथालयात बसायच्या आणि मी शाळेच्या मागच्या वसतिगृहात राहायचे. माझी फी आणि जेवणाखाणाचा खर्च कुणी एक दाते भरत असत. ते कोण, हे आम्हाला सांगत नसत. पण वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीआधी, त्यांना आभाराचं पत्र लिहायचं असे. मजकूर फळ्यावर लिहिलेला असायचा. आम्ही अकरा मुली तो उतरवून काढायचो आणि खाली आपापलं नाव घालायचो. एका दिवाळीत माझ्या पत्रावर शाईचा डाग पडला म्हणून मला ते तीनदा लिहावं लागलं, आणि तिसऱ्या खेपेला रडू फुटलं. का फुटलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. बाईंनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाकी कव्हर घातलेलं एक इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, ‘शब्द अडले तर अडू देत, तू पुढे जात राहा.’

ते पुस्तक म्हणजे जीन वेब्स्टर या अमेरिकन लेखिकेची ‘डॅडी लाँग लेग्ज’ ही कादंबरी. त्यानंतर मी ती किती वेळा वाचली याचा हिशेब नाही. आज तिचीच शिफारस करायला मी तुमच्यासमोर उभी आहे. व्याख्यानमालेला शोभेल असा एखादा भारदस्त विषय घ्यावा असं काहींनी सुचवलं होतं. पण मला हाच विषय भारदस्त वाटतो, आणि का वाटतो ते सांगण्यासाठीच हा तास मागून घेतला आहे.

कादंबरी १९१२ साली न्यूयॉर्कच्या सेंच्युरी कंपनीने काढली. त्याआधी ती एका महिला मासिकातून क्रमशः आली होती. पहिलं छोटं प्रकरण सरळ निवेदनाचं आहे. महिन्याचा पहिला बुधवार. जॉन ग्रियर होम या अनाथालयात विश्वस्तांच्या भेटीचा दिवस. सत्त्याण्णव मुलांना घासूनपुसून, केस विंचरून, बटणं लावून उभं करायचं आणि ‘हो सर’, ‘नाही सर’ म्हणायला बजावायचं. हे सगळं ज्या मुलीच्या गळ्यात पडतं ती जेरुशा ॲबट, अनाथालयातली सगळ्यांत मोठी मुलगी. संध्याकाळी दमून ती खिडकीशी बसलेली असते, तेवढ्यात मेट्रन मिसेस लिपेट यांचं बोलावणं येतं. खाली जाताना तिला शेवटचे विश्वस्त दाराबाहेर पडताना दिसतात, म्हणजे फक्त पाठमोरे. समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांत त्यांची सावली भिंतीवर पडते, हातपाय लांबच लांब ताणलेली, एखाद्या लांब पायांच्या कोळ्यासारखी. तसल्या किड्याला इंग्रजीत मुलं ‘डॅडी लाँग लेग्ज’ म्हणतात. त्या सावलीखेरीज आपल्या उपकारकर्त्याबद्दल तिला चार वर्षं फारसं काही कळत नाही.

तिने ‘ब्लू वेन्सडे’ नावाचा निबंध लिहिलेला असतो, याच बुधवारची टर उडवणारा. मिसेस लिपेटना तो कृतघ्नपणा वाटतो. त्या विश्वस्तांना मात्र त्यात लेखिका दिसते. ते तिला कॉलेजात पाठवायचं ठरवतात. फी भरली जाईल, वर महिन्याला ३५ डॉलर हातखर्च मिळेल. मोबदल्यात तिने महिन्याला एक पत्र लिहायचं, ‘मिस्टर जॉन स्मिथ’ या नावाने. हे नाव खरं नाही. पत्रात पैशांबद्दल आभार मानायचे नाहीत, ते त्यांना आवडत नाही. अभ्यासाबद्दल, रोजच्या आयुष्याबद्दल लिहायचं. उत्तर येणार नाही.

हा करार मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. आभार मानायचे नाहीत, फक्त आपल्याबद्दल लिहायचं! आमच्या फळ्यावरच्या मजकुरात आभारांखेरीज काहीच नसे आणि मी तर कुठेच नसे.

इथून पुढे कादंबरीत फक्त जेरुशाची पत्रं आहेत. पहिलं पत्र २४ सप्टेंबरचं, वसतिगृहाच्या २१५ नंबरच्या खोलीतून लिहिलेलं. मधेमधे तिने काढलेली रेघोट्यांची चित्रं आहेत. ती वेब्स्टरने स्वतः काढली होती आणि ती वगळून छापलेली आवृत्ती कृपा करून घेऊ नका. ‘जेरुशा’ हे नाव मिसेस लिपेटनी एका थडग्यावरून उचललेलं असतं, आणि ‘ॲबट’ हे आडनाव टेलिफोन डिरेक्टरीच्या पहिल्या पानावरून. कॉलेजात गेल्यावर ती पहिल्यांदा काय करते, तर आपलं नाव ज्युडी ठेवते. मग समोरच्या त्या मौनी गृहस्थाचंही बारसं करते. त्याच्याबद्दल तिला तीनच गोष्टी ठाऊक असतात: तो उंच आहे, श्रीमंत आहे आणि त्याला मुली आवडत नाहीत. यांपैकी आयुष्यभर टिकण्यासारखी एक उंचीच, म्हणून तो ‘डॅडी लाँग लेग्ज’. ज्याचं खातो त्याचंच नाव ही मुलगी ठेवते.

मराठीत ‘मिंधा’ असा एक शब्द आहे. इंग्रजीत त्याला नेमका जोड मला सापडलेला नाही. ज्याने घेतलं आणि घेतल्यामुळे ज्याची मान खाली झाली, तो मिंधा. माझे आजोबा पुण्यात वारावर जेवून शिकले. सोमवारचं घर वेगळं, मंगळवारचं वेगळं. ऐंशीव्या वर्षीही त्यांना कुठल्या वाराच्या घरी कोणत्या कोपऱ्यात पाट मांडला जायचा हे आठवत होतं. गुरुवारच्या घरी ताक वाढताना ‘अजून हवं का?’ असं कुणी विचारत नसे, हे त्यांनी मला सांगितलं, तेव्हा त्या घरातलं कुणीही हयात नव्हतं. त्या सात घरांबद्दल त्यांनी वाईट शब्द कधी काढला नाही. त्यांनी जेवू घातलं म्हणून आजोबा शिकले आणि म्हणून आम्ही शिकलो. तरी त्या ताकाची आठवण गेली नाही.

‘डॅडी लाँग लेग्ज’ ही या मिंधेपणावरची कादंबरी आहे असं माझं म्हणणं आहे. ती प्रेमकथा म्हणून वाचली जाते, मुलींचं पुस्तक म्हणून कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवली जाते. तिच्यात प्रेम आहेच, आणि ती मुलींनी वाचावीच. पण पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत ज्युडी एकच अवघड गोष्ट शिकत असते: घ्यायचं, मनापासून घ्यायचं आणि तरी मिंधं व्हायचं नाही.

तिच्या जखमा कुठे आहेत ते ती हसतखेळत सांगते, म्हणून चटकन लक्षात येत नाही. अनाथालयात असताना ती गावातल्या शाळेत जायची ती दान आलेले कपडे घालून. ज्या मुलीचा तो जुना झगा, तिच्याच शेजारी वर्गात बसायला लागेल की काय, ही धास्ती रोजची. ती मुलगी इतरांच्या कानात काहीतरी कुजबुजणार आणि बोट दाखवणार. कॉलेजात तिला सहा नवे झगे मिळतात. कुणा मोठ्या मुलीच्या अंगावरून उतरलेले नव्हेत, तिच्यासाठीच घेतलेले. ती सहाही झग्यांचं कापड आणि रंग डॅडींना लिहून कळवते. एका पुरुषाला, तेही न पाहिलेल्या, झग्यांची यादी पाठवणारी ही मुलगी उथळ वाटली तर ती शेजारच्या बाकावरची कुजबुज विसरू नका.

पहिल्या नाताळाला डॅडी पाच सोन्याची नाणी पाठवतात. तिने त्यातून घेतलेल्या वस्तू पाहा: चांदीचं घड्याळ, मॅथ्यू आर्नल्डच्या कविता, शेकायची रबरी पिशवी, एक लोकरी रग, लिहिण्यासाठी ५०० पिवळे कागद, समानार्थी शब्दांचा कोश आणि, ती फार संकोचून कबूल करते, रेशमी मोज्यांचा एक जोड. ज्युलिया पेंडलटन नावाची श्रीमंत घरातली मुलगी रोज संध्याकाळी तिच्या खोलीत येऊन, पायावर पाय टाकून बसते आणि तिच्या पायांत रेशमी मोजे असतात. आता ज्युडीही ते घालून तिच्या खोलीत जाऊन तशीच बसणार! एवढ्यावर ती थांबत नाही. या सगळ्या वस्तू कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरच्यांकडून एका खोक्यातून आल्या, असा खेळ ती स्वतःशी खेळते. घड्याळ वडिलांकडून, रग आईकडून, शेकायची पिशवी थंडीची काळजी करणाऱ्या आजीकडून. देणारा एकच, त्याला तोंड नाही, म्हणून ती त्याचीच सगळी माणसं करून टाकते. या पानावर मी दर वेळी थांबते.

तिचं अज्ञानही असंच आहे. मायकेलॲंजेलो हा कुणी देवदूत असावा असं ती वर्गात म्हणते आणि वर्ग हसतो. ‘सिंड्रेला’, ‘रॉबिन्सन क्रुसो’, ‘जेन एअर’ तिने वाचलेलं नाही. जॉर्ज इलियट ही बाई होती हे तिला माहीत नाही, शेरलॉक होम्सचं नाव ऐकलेलं नाही. सगळ्या कॉलेजात ‘लिटल विमेन’ न वाचता वाढलेली मुलगी आपण एकटीच, हे कळल्यावर ती कुणालाही न सांगता हातखर्चातले १ डॉलर १२ सेंट देऊन ते पुस्तक विकत आणते. मग रात्री खोलीच्या दारावर कामात असल्याची पाटी लावायची, दिव्याजवळ बसायचं आणि एका वेळी चार-चार पुस्तकं वाचायची. वसतिगृहात वाढलेल्या, घरात पुस्तकांचं कपाट नसलेल्या मुलामुलींना हे वाचताना काय होतं ते मला ठाऊक आहे. बाकीच्या मुलींना या गोष्टी कुणी शिकवलेल्या नसतात, त्यांनी त्या घरातल्या हवेबरोबर आत घेतलेल्या असतात. ज्युडीला एकेक गोष्ट कष्टाने मिळवावी लागते, आणि मिळाल्यावर तिला जो आनंद होतो तो त्या मुलींच्या वाट्याला येत नाही.

आता उत्तर न येण्याबद्दल. पत्रात्मक कादंबरी म्हटलं की आपल्या मनात दोन बाजू असतात, एक लिहितो आणि दुसरा उत्तर देतो. इथे दुसरी बाजू कोरी आहे. पोच नाही. त्यामुळे त्या रिकाम्या जागेवर आपोआप वाचक जाऊन बसतो. ज्युडी विचारते, तुम्हाला टक्कल आहे का? हे ती आपल्यालाच विचारते आहे असं वाटतं, आणि उत्तर देता येत नाही म्हणून चुटपुट लागते. पहिल्या वर्षी आजारी पडण्याच्या सुमारास ती वैतागून एक पत्र लिहिते. तुम्ही माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही, तुम्हाला माझ्याबद्दल काही वाटत नाही, केवळ कर्तव्य म्हणून तुम्ही हे करता आहात, या अर्थाचं. माझी पत्रं तुम्ही न वाचताच केराच्या टोपलीत टाकत असाल, म्हणून यापुढे फक्त अभ्यासाचं लिहीन, असंही बजावते. आणि मग दवाखान्यातल्या खाटेवर तिला गुलाबाच्या कळ्यांचा खोका येतो, सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी. ती रडते. चार वर्षांत त्यांच्याकडून आलेल्या खुणा अशा बोटांवर मोजण्याजोग्या आहेत. एरवी काही सांगायचं असेल तर सेक्रेटरीचं कोरडं टिपण येतं.

कृतज्ञता आणि राग एकाच माणसाबद्दल, एकाच आठवड्यात वाटू शकतो, आणि रागाने कृतज्ञता खोटी ठरत नाही, हे मला त्या पत्रांतून पहिल्यांदा कळलं. आम्हाला शिकवलेल्या कृतज्ञतेत रागाला जागा नव्हती. मला वाटतं तिसऱ्या खेपेला जे रडू आलं होतं ते या जागेच्या अभावाचं होतं.

पुढे ती पैसे परत करू लागते. टोप्यांच्या दुकानात पाहिलेल्या सुंदर टोप्यांचं वर्णन ती गंमत म्हणून लिहिते आणि डॅडी पन्नास डॉलरचा चेक पाठवतात. तो ती परत करते. मी मागितलं नव्हतं, मी फक्त तुम्हाला सांगत होते, असं ती समजावते. मागणं आणि सांगणं यांतला फरक देणाऱ्याच्या लक्षात येत नाही, घेणाऱ्याला तो सतत जपावा लागतो. मग तिला फीची आणि राहण्याजेवणाची सोय करणारी शिष्यवृत्ती मिळते. डॅडींना ती तिने घेऊ नये असं वाटतं. ती ऐकत नाही. तिचं म्हणणं सरळ आहे: ही मी मिळवली आहे, तुमच्याकडून आलेली नाही. युरोपच्या सफरीला पाठवण्याची तयारी दाखवली जाते तेव्हाही ती नकार देऊन उन्हाळाभर समुद्रकाठच्या एका कुटुंबात मुलींना शिकवायला राहते. आणि तिची पहिली कादंबरी नाकारली जाऊन, तिने ती स्वतःच्या हाताने भट्टीत घातल्यानंतर, दुसरी स्वीकारली जाते, तेव्हा ती डॅडींना हजार डॉलरचा चेक पाठवते. अजून दोन हजारांहून जास्त देणं आहे, ते हप्त्याहप्त्याने येईल असं कळवते. ही दुसरी कादंबरी कशावरची, तर जॉन ग्रियर होमवरची. ज्या जागेची तिला लाज वाटत होती ती जागाच तिची कमाई होते. मराठीत ‘उतराई होणं’ म्हणतात. पण ज्युडी चेक पाठवताना दुसरी एक गोष्टही लिहिते: प्रेमाचं जे देणं आहे ते मी आयुष्यभर देत राहीन, ते फेडायचं नाही. पैसा आणि प्रेम असे दोन रकाने ती वेगळे ठेवते. आमच्या फळ्यावर एकच रकाना होता.

आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटू नये. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांनी एका मिशनरी मासिकात गोपाळराव जोशी यांचा पत्रव्यवहार वाचला आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांना, न पाहताच, पत्र लिहिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या, १८८३ मध्ये त्यांच्याच घरी उतरल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. साडी सोडली नाही, धर्म सोडला नाही. पंडिता रमाबाई त्या पदवीदानाला हजर होत्या. त्यांची कथा तर आणखी तीव्र आहे. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ज्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत. आणि याच आजीबाईंना त्यांनी लिहिलेल्या पत्रांत, तुमचे उपकार मान्य पण माझ्या विवेकाचा निर्णय मी करणार, हा वाद पानोपानी आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ही पत्रं इंग्रजीत प्रसिद्ध केली. ज्युडी काल्पनिक आहे, या दोघी खऱ्या आहेत, आणि त्यांचे आधारदाते उत्तरं लिहीत होते. तरी ‘डॅडी लाँग लेग्ज’नंतर रमाबाईंची पत्रं वाचा, किंवा उलट क्रमाने वाचा. माझ्या मनात ती दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर आहेत.

आता जे मला खटकतं ते सांगितलंच पाहिजे. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांचा रसभंग होईल, पण शंभर वर्षांहून जुन्या गोष्टीचं गुपित राखून तिच्याबद्दल खरं बोलता येणार नाही. ज्युलियाचे एक तरुण काका असतात, जर्विस पेंडलटन. ते कॉलेजात भेटायला येतात, चहाला नेतात. लॉक विलो नावाच्या ज्या शेतावर डॅडी ज्युडीला उन्हाळ्यात पाठवतात, तिथेच ते लहानपणी राहिलेले असतात. ज्युडी या जर्विसबद्दल डॅडींना भरभरून लिहिते. आणि डॅडी म्हणजे जर्विसच असतात. म्हणजे चार वर्षं एक माणूस एका मुलीची मनातली पत्रं वाचतो आणि दुसऱ्या चेहऱ्याने तिच्यासमोर बसतो. मैत्रीण सॅली मॅकब्राइडच्या घरच्यांबरोबर उन्हाळ्यात राहायला जायला ‘डॅडी’ मना करतात, कारण तिथे सॅलीचा भाऊ आहे. दात्याचा अधिकार प्रियकराच्या मत्सरासाठी वापरला जातो. मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा दर वर्षी एखादी मुलगी उठून म्हणायची की हे बरोबर नाही. बरोबर नाहीच. मी त्याचं समर्थन करणार नाही.

पण वेब्स्टरला ते दिसत होतं की नाही, एवढंच मी विचारते. इंग्रजी पत्रात्मक कादंबरीच्या उगमापाशी सॅम्युएल रिचर्डसनची ‘पामेला’ आहे, १७४० सालची. रिचर्डसन हा छापखानेवाला. लोकांना पत्रं कशी लिहावीत याचे नमुने देणारं पुस्तक करताना त्याला ही गोष्ट सुचली. तिच्यातली मोलकरीण पामेला आईवडिलांना पत्रं लिहिते, मालक ती चोरून मिळवतो, वाचतो, वाचता वाचता पालटतो आणि शेवटी तिच्याशी लग्न करतो. गरीब मुलगी, श्रीमंत पुरुष, त्याच्या हाती लागलेली तिची पत्रं: सांगाडा तोच. वेब्स्टरने त्यात जो बदल केला तो मला मोलाचा वाटतो. पामेलाला बक्षीस मिळतं ते ती शीलवान राहिली म्हणून. ज्युडी स्वतःचं नाव, स्वतःची शिष्यवृत्ती, स्वतःचं पुस्तक आणि स्वतःच्या पैशांचा चेक हाती आल्यानंतरच डॅडींना भेटायला जाते. आणि तिचा आज्ञाधारकपणा पत्रागणिक कमी होत जातो. पहिल्या बंदीला ती रागावून का होईना शेतावर जाते. पुढच्या वेळी ती जिथे जायचं तिथे जाते. जर्विस पहिल्यांदा लग्नाचं विचारतो तेव्हा ती नाही म्हणते, कारण अनाथालयाबद्दल तिने त्याला सांगितलेलं नसतं आणि न सांगता हो म्हणणं तिला फसवणूक वाटते. फसवणूक प्रत्यक्षात कोण करतं आहे हे ज्याला वाचताना जाणवत नाही त्याने ते पान पुन्हा वाचावं. म्हणूनच ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचलीच पाहिजे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक पत्राला वाचणाऱ्याचा चेहरा असतो, आणि कधीकधी तो चेहरा शरमलेला असणार हे कळतं.

जीन वेब्स्टर स्वतः अनाथ नव्हती. १८७६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनियात तिचा जन्म झाला. तिची आई मार्क ट्वेनची भाची, वडील चार्ल्स वेब्स्टर ट्वेनचे प्रकाशक. त्या धंद्यात ते खचले, बाजूला सारले गेले आणि १८९१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. नात्यातल्या मोठ्या माणसाच्या पैशाशी आणि मोठेपणाशी बांधलं जाणं म्हणजे काय, हे त्या घराने जवळून पाहिलं होतं. मुलीचं मूळ नाव ॲलिस. शाळेत खोलीतली सोबतीणही ॲलिस निघाली, म्हणून तिने जीन हे नाव घेतलं. म्हणजे नाव बदलणारी मुलगी तिने कुठून आणली ते सांगायला नको. व्हॅसार कॉलेजात ती १८९७ ते १९०१ होती. तिथे अर्थशास्त्र शिकताना निराधार मुलांच्या संस्था पाहायला जायची. त्या काळी अमेरिकेत हा प्रश्न ऐरणीवर आला होता. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये निराधार मुलांविषयी परिषद बोलावली, आणि मुलांना मोठाल्या संस्थांत कोंडण्यापेक्षा घरात वाढवावं असा सूर तिथे निघाला. कादंबरी आली त्याच १९१२ साली अमेरिकेत बालकांसाठीचं सरकारी खातं स्थापन झालं. त्याची पहिली प्रमुख ज्युलिया लॅथ्रॉप, तीही व्हॅसारची. ज्युडी एका पत्रात विचारते की बायका नागरिक आहेत का. तिला शंका असते, आणि ती रास्त होती. अमेरिकेत सर्व राज्यांतल्या स्त्रियांना मताचा हक्क १९२० मध्ये मिळाला. वेब्स्टरने तो पाहिला नाही.

तिचं प्रेम ग्लेन फोर्ड मॅकिनी या विवाहित गृहस्थावर होतं. त्याची पत्नी मनाने आजारी होती, आणि वर्षानुवर्षं हे प्रेम झाकून ठेवावं लागलं. ‘डॅडी लाँग लेग्ज’ची अर्पणपत्रिका दोन शब्दांची आहे, ‘तुला’ एवढाच तिचा अर्थ. नाव नाही. १९१५ मध्ये त्यांचं लग्न झालं. पुढच्या वर्षी जूनमध्ये मुलीच्या जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी, एकोणचाळिसाव्या वर्षी, वेब्स्टर गेली. कादंबरीतला सगळा हर्ष, ती धांदल, ते उद्गार, हे अशा बाईने लिहिलं आहे जिला आपल्या पत्रावर पत्ता लिहिताना दर वेळी विचार करावा लागत असणार.

‘डिअर एनिमी’ ही पुढची कादंबरीही पत्रांचीच आहे. सॅली त्याच अनाथालयाची प्रमुख होते. ती वाचनीय आहे, पण तिच्यात आनुवंशिकतेबद्दलच्या त्या काळच्या ज्या समजुती आल्या आहेत त्या आज वाचवत नाहीत. आधी पहिली वाचा. सिनेमे बरेच झाले, १९१९ मध्ये मेरी पिकफर्डचा मूकपट, १९५५ मध्ये फ्रेड ॲस्टेअरचा. पत्रं लिहिणाऱ्या मुलीला पडद्यावर दाखवलं की पत्रं मागे पडतात, म्हणून मी त्यांची शिफारस करत नाही. जपानमध्ये मात्र या पुस्तकाचं विलक्षण काही झालं. तिथे ते ‘आशिनागा ओजिसान’, म्हणजे लांब पायांचे काका. आईवडील गमावलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या तिथल्या एका मोठ्या संस्थेचं नावच ‘आशिनागा’ आहे, आणि नाव न सांगता देणाऱ्याला लोक ‘आशिनागा-सान’ म्हणतात.

शेवटचं पत्र मी वाचून दाखवणार नाही. ते तुम्ही एकट्याने, मागची सगळी वाचून झाल्यावर वाचायचं आहे. एवढंच सांगते की त्यात ती त्याला जो मायना लिहिते त्यात त्याची सगळी नावं एका माळेत ओवलेली असतात: लहानपणचं, खरं, खोटं आणि तिने स्वतः ठेवलेलं.

त्या दिवाळीनंतरच्या जूनमध्ये मी नेहमीसारखा फळ्यावरचा मजकूर उतरवून काढला. मग सही करण्याआधी खाली दोन ओळी माझ्या घातल्या. मागच्या अंगणात जांभळाचा सडा पडतो आणि पाऊल ठेवायला जागा उरत नाही, ही एक. मला भूमितीपेक्षा इतिहास आवडतो, ही दुसरी. पत्र गोळा करणाऱ्यांच्या नजरेतून ते सुटलं की काढून टाकलं गेलं, मला कळलं नाही. बाईंना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘जांभळं पिकली होती का, तेही लिहिलंस?’ मी नाही म्हटलं. ‘पुढच्या वेळी लिही,’ त्या म्हणाल्या.